उहोर आणि माद्यार : एका शेजाऱ्याची दोन नावं

मागच्या पावसाळ्यात आपल्या मंडळाच्या बैठकीत मी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या विघटनावर एक टिपण वाचलं होतं. त्यात एक साधं वाक्य होतं : "आजचा स्लोव्हाकिया हजार वर्षं हंगेरीच्या ताब्यात होता." बडोद्यात बसलेल्या कुणाला त्यात काही खटकायचं कारण नव्हतं. टिपण संकेतस्थळावर चढलं, मी विसरूनही गेलो.

आपल्या एका सभासद बाईंचा मुलगा ब्रातिस्लावात मोटारींच्या कारखान्यात नोकरीला आहे. आईने त्याला टिपण पाठवलं, आणि त्याने जेवणाच्या सुट्टीत ते वाक्य दोन सहकाऱ्यांना समजावून सांगितलं. त्यातला एक स्लोव्हाक. दुसरा डॅन्यूबकाठच्या कोमार्नो गावचा, म्हणजे नागरिक स्लोव्हाकियाचा पण घरी हंगेरियन बोलणारा. दोघांनाही वाक्य पटलं नाही, आणि गंमत म्हणजे दोघांची कारणं एकमेकांच्या उलट. स्लोव्हाक म्हणाला, ती हंगेरी नव्हतीच, ते 'उहोर्स्को' होतं. कोमार्नोवाला म्हणाला, ती हंगेरीच होती, पण 'ताबा' कसला? तो देशच तो होता. मुलाचा मला फोन आला. "काका, तुम्ही एका वाक्यात दोघांना दुखावलंत. इकडे हे जमवायला लोकांना निवडणूक लागते."

तेव्हापासून या दोन शब्दांच्या मागे लागलो. जे हाती आलं ते इथे मांडतो.

आज चेक आणि स्लोव्हाक या दोन्ही भाषांत हंगेरियन माणसाला 'माद्यार' म्हणतात. (नेमक्या उच्चाराला 'मद्यार' जवळचं, पण तसं लिहिलं तर वाचणारा भलतीकडेच जाईल, म्हणून काना दिला आहे.) देश तो 'माद्यार्स्को'. हा हंगेरियन लोकांचा स्वतःचा शब्द. आपल्या पाठ्यपुस्तकांत तो 'मॅग्यार' होऊन आला, कारण आपण तो इंग्रजी अक्षरांवरून वाचला. हंगेरियन लिपीत 'जी' आणि 'वाय' जोडून लिहिलेल्या अक्षरांचा उच्चार 'ग्य' नसून 'द्य'च्या जवळ जातो, आणि स्लोव्हाक लिपीत नेमका त्याच ध्वनीसाठी 'डी'वर एक खूण करतात. शेजाऱ्याने कानाने ऐकून घेतलेला शब्द तो, आणि आपण दुरून डोळ्याने वाचलेला हा. असो.

पण हा शब्द त्या भाषांत मानाने अलीकडचा. त्याआधी शतकानुशतकं चेक लोक हंगेरियन माणसाला 'उहेर' म्हणत आणि स्लोव्हाक 'उहोर'. देशाला चेक 'उहरी' किंवा 'उहेर्स्को', स्लोव्हाक 'उहोर्स्को'. हा शब्द कुठून आला ते पाहण्यासारखं आहे. नवव्या शतकाच्या शेवटी, साधारण ८९५च्या सुमारास, हे घोडेस्वार लोक कार्पेथियन पर्वत ओलांडून डॅन्यूबच्या खोऱ्यात उतरले. त्याआधी काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशात तुर्की भाषा बोलणाऱ्या टोळ्यांशी त्यांचा दीर्घ सहवास होता. त्या टोळ्यांच्या एका संघाचं नाव 'ओनोगुर'. बहुतेक भाषाशास्त्रज्ञ त्याचा अर्थ 'दहा ओगुर', म्हणजे दहा टोळ्या, असा लावतात. बाहेरच्यांनी तेच नाव या लोकांना चिकटवलं. लॅटिनमध्ये उंगारी, जर्मनमध्ये उंगार, जुन्या स्लाव्ह भाषेत एक नासिक्य स्वर घेऊन 'ओंग्र'सारखं काहीतरी. पोलिश भाषेने तो नाकातला स्वर जपला, म्हणून त्यांच्याकडे आजही हंगेरी म्हणजे 'वेंग्री'. चेक-स्लोव्हाकांनी तो सोडून 'उ' केला. मग त्यांच्याकडे जुन्या 'ग'चा 'ह' झाला. रशियनमधला 'गोरा' म्हणजे डोंगर चेकमध्ये 'होरा' होतो, तसंच हे. उंग्र, उग्र, उह्र, उहेर.

इथे एक फसगत सांभाळायला हवी. इंग्रजी 'हंगेरी'तला ह आणि चेक 'उहेर'मधला ह यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. चेकमधला ह हा जुन्या ग पासून आलेला. हंगेरीतला ह मात्र लॅटिन लिहिणाऱ्यांनी पुढे लावला, कारण त्यांना हे लोक म्हणजे ॲटिलाचे हूणच वाटले. ॲटिला ४५३ साली वारला होता, म्हणजे हे लोक येण्याच्या सव्वाचारशेहून जास्त वर्षं आधी! पण युरोपच्या मठांत पूर्वेकडून आलेला प्रत्येक घोडेस्वार हूणच असायचा. मीसुद्धा आधी दोन्ही ह एकच धरले होते, हे कबूल करतो.

चेक भाषेत तो जुना शब्द आजही इकडेतिकडे सापडतो. मोराव्हियाच्या पूर्व कडेला 'उहेर्स्के ह्राद्यिश्त्ये' नावाचं शहर आहे. बोहेमियाचा राजा दुसरा प्रेमिस्ल ओटाकार याने ते १२५७ साली वसवलं. पलीकडे हंगेरीच्या राजाची हद्द, म्हणून नावात उहेर. जवळच 'उहेर्स्की ब्रोद', म्हणजे उहेरांकडचा नदीउतार. शिक्षणशास्त्रज्ञ कोमेनियस १५९२ साली याच भागात जन्मला. चेक दुकानात 'उहेर्स्की सालाम' नावाचं मांसाचं लोणकं सॉसेज मिळतं, आणि त्याच भाषेत लहान अक्षराने लिहिलेला 'उहेर' म्हणजे चेहऱ्यावरची पुटकुळी! आडनावांतही तो आहे. १९६२ साली 'सूर्य जाळ्यात' अशा अर्थाच्या नावाचा चित्रपट काढून स्लोव्हाक सिनेमाला नवं वळण देणारा दिग्दर्शक श्तेफान उहेर हा स्लोव्हाकच, पण आडनाव 'हंगेरियन'. उलट बाजूने पाहिलं तर हंगेरीत 'तोत' हे अगदी सर्रास आढळणारं आडनाव, आणि त्याचा जुना अर्थ स्लाव्ह, पुढे मुख्यतः स्लोव्हाक.

आता मूळ मुद्दा. स्लोव्हाक भाषेने हे दोन्ही शब्द ठेवले आणि त्यांच्यामध्ये एक तारीख घातली. १९१८ पर्यंतचं राज्य ते उहोर्स्को. १९१८ नंतरचा, बुडापेस्ट राजधानी असलेला आजचा देश तो माद्यार्स्को. ऑस्ट्रिया-हंगेरीला ते 'राकूस्को-उहोर्स्को' म्हणतात, कधीही 'राकूस्को-माद्यार्स्को' नाही. तसंच माणसांचं. माद्यार म्हणजे मातृभाषा हंगेरियन असलेला. उहोर म्हणजे त्या जुन्या राज्याचा माणूस, मग तो घरी स्लोव्हाक बोलो, जर्मन बोलो, रुमानियन बोलो की हंगेरियन. क्रोएशियन आणि सर्बियन भाषांतही हीच जोडी आहे : जुनं राज्य 'उगार्स्का', आजचा देश 'माजार्स्का'. पोलिश लोकांना अशी गरज पडली नाही, त्यांचं वेंग्री दोन्हीकडे चालतं. युक्रेनियन भाषा तर आजच्या हंगेरीलाही जुन्याच शब्दावरून 'उहोर्श्चिना' म्हणते. म्हणजे ढोबळमानाने, ज्यांचे पूर्वज मोठ्या संख्येने त्या मुकुटाची प्रजा होते त्यांनी शब्द वेगळे केले. अगदी नियम म्हणून नको धरू या, ट्रान्सिल्व्हेनियातले रुमानियनही प्रजाच होते आणि ते आजच्या देशाला 'उंगारिया'च म्हणतात.

खुद्द हंगेरियन भाषेत मात्र ही सोयच नाही. तिथे इश्टवान राजाने साधारण १००० साली डोक्यावर घेतलेला मुकुट 'माद्यार', राज्य 'माद्यार', भाषा 'माद्यार' आणि आजचा देशही 'माद्यार-ओर्साग'. जुन्या अर्थाने बोलायचं तर त्यांचे इतिहासकार लॅटिनमधून 'हुंगारुस' हा शब्द उसना आणतात.

तो लॅटिन शब्द एकेकाळी जिवंत होता. १८४४ पर्यंत त्या राज्याची राजभाषा लॅटिन होती. एकोणिसाव्या शतकात युरोपातलं एक मोठं राज्य लॅटिनमध्ये कारभार करत होतं हे आपल्याला विचित्र वाटेल, पण तिचा एक गुण होता : ती कुणाचीच मातृभाषा नव्हती. ओचोवा गावात १६८४ साली जन्मलेला मातेय बेल हा पंडित घ्या. त्याच्याबद्दल सांगतात की तो स्वतःला भाषेने स्लाव्ह, राष्ट्राने हुंगारुस आणि विद्येने जर्मन म्हणवायचा. प्रेसबुर्गात, म्हणजे आजच्या ब्रातिस्लावात, बसून त्याने संपूर्ण राज्याचं जिल्हावार भौगोलिक-ऐतिहासिक वर्णन लॅटिनमध्ये लिहायला घेतलं, आणि १७३५पासून त्याचे खंड निघू लागले. आपल्याकडच्या गॅझेटियरची आठवण यावी असं ते काम. बेलला या तीन ओळखींत ओढाताण वाटली असेल असं दिसत नाही. आज मात्र स्लोव्हाक त्याला आपला म्हणतात, हंगेरियनही आपला म्हणतात. तसाच योझेफ पेट्झवाल. १८०७ साली स्पिश भागातल्या बेला गावी जन्म, पेस्टमध्ये शिक्षण, व्हिएन्नात प्राध्यापकी, आणि १८४०मध्ये ज्या भिंगाने व्यक्तिचित्रांची फोटोग्राफी शक्य झाली त्याचा गणिती जनक. त्याच्यावर दावा सांगणारे तीन देश आहेत. 'उहोर' हा एकच शब्द या माणसांना अंगाला बसतो. स्लोव्हाक भाषेने तो जपला हे मला तरी चांगलं वाटतं.

पण हा शब्द माणसांच्या अंगावरून उतरला कसा? १८४३ साली ल्युदोवित श्तूर आणि त्याच्या मित्रांनी स्लोव्हाक भाषेचं प्रमाण रूप ठरवलं, आणि पुढच्याच वर्षी राज्याने लॅटिनऐवजी हंगेरियन राजभाषा केली. दोन्ही गोष्टी एकाच लाटेच्या. आता 'मी उहोर, पण माद्यार नाही' असं म्हणायला अर्थ आला. १८६१च्या जूनमध्ये मार्टिन गावी जमलेल्या स्लोव्हाक पुढाऱ्यांनी जे निवेदन तयार केलं, त्यात वेगळा देश मागितलेला नाही. मागणी होती ती राज्याच्या आतच एका स्लोव्हाक विभागाची, आणि त्या विभागाच्या नावातही 'उत्तर-उहोर' हा शब्द होता. म्हणजे तोवर तरी त्यांना उहोर राहायचं होतं. १८६८मध्ये राष्ट्रीयत्वांचा कायदा आला. त्या काळाच्या मानाने तो उदार होता, खालच्या पातळीवर इतर भाषांना त्यात जागा होती. पण त्याचा पाया असा की राज्याचे सर्व नागरिक मिळून एकच अखंड राष्ट्र, आणि त्या राष्ट्राला हंगेरियन मजकुरात जो शब्द होता तो अर्थातच 'माद्यार'. लॅटिनमध्ये जे सगळ्यांचं होतं ते भाषांतरात एकाचं झालं. सगळं भांडण या एका शब्दावरून पेटलं असं नाही, पण ते त्या शब्दात स्पष्ट दिसतं.

पुढचं वेगाने घडलं. १८७४-७५मध्ये तिन्ही स्लोव्हाक माध्यमिक शाळा बंद झाल्या, १८६३ साली स्थापन झालेली 'मातित्सा स्लोव्हेन्स्का' ही सांस्कृतिक संस्थाही १८७५मध्ये बंद केली गेली. ऑक्टोबर १९०७मध्ये चेर्नोवा गावात नव्या चर्चच्या अभिषेकावरून जमलेल्या गर्दीवर शिपायांनी गोळीबार केला, पंधरा माणसं मेली. १९१०च्या जनगणनेत, क्रोएशिया वगळून, ५४.५ टक्के लोकांनी हंगेरियन मातृभाषा नोंदवली. क्रोएशिया धरला तर हा आकडा ४८.१ टक्क्यांवर येतो, म्हणजे निम्म्याहून कमी. शिकून, नोकरीत शिरून, नाव बदलून हंगेरियन झालेल्या स्लोव्हाकासाठी त्याच्याच लोकांनी 'माद्यारोन' असा कडवट शब्द काढला. आणि पलीकडे 'तोत' ही शिवी झाली, इतकी की तोताला माणसांतून वजा करणारी म्हण हंगेरियनमध्ये रूढ होती. आज तिथेही सभ्य बोलण्यात 'स्लोव्हाक' हाच शब्द वापरतात.

१९१८मध्ये राज्य मोडलं, ४ जून १९२०च्या ट्रायानॉन तहाने त्यावर शिक्का बसला, आणि उहोर नावाचा माणूस कागदावरून नाहीसा झाला. मग उरले स्लोव्हाक आणि माद्यार. नव्या सीमेच्या उत्तरेला राहिलेल्या लाखो हंगेरियन भाषिकांसाठी 'माद्यार' हा शब्द आता अर्जाच्या रकान्यातला शब्द झाला, आणि त्याचा चटका दुसऱ्या महायुद्धानंतर बसला. १९३८मध्ये दक्षिण स्लोव्हाकिया हंगेरीने परत घेतला होता. त्याचा हिशेब १९४५ साली चुकता झाला. चेकोस्लोव्हाकियाने ऑगस्ट १९४५च्या हुकुमाने जर्मन आणि माद्यार लोकांचं नागरिकत्व, थोडे अपवाद सोडून, काढून घेतलं. १९४६-४७च्या हिवाळ्यात चाळीस हजारांहून जास्त लोकांना सक्तीच्या मजुरीसाठी चेक प्रदेशात नेलं गेलं. हंगेरीशी लोकसंख्येची अदलाबदल ठरली. आणि एक तिसरी वाट ठेवली होती : 'आम्ही मूळचे स्लोव्हाकच' असं लिहून द्यायचं आणि राहायचं. चार लाखांच्या आसपास लोकांनी तसे अर्ज केले. त्यातल्या किती जणांच्या आजोबांना 'तुम्ही कोण?' विचारलं असतं तर त्यांनी बेलसारखं तिहेरी उत्तर दिलं असतं, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. १९४८मध्ये नागरिकत्व परत मिळालं. २०२१च्या जनगणनेत स्लोव्हाकियात स्वतःला हंगेरियन म्हणवणारे सुमारे ४ लाख २२ हजार लोक होते.

म्हणून कोमार्नोच्या त्या माणसाचा राग मला समजतो. उहोर्स्को हा शब्द खरा आहे, पण निष्पाप नाही. ब्रातिस्लावाच्या कॅथेड्रलमध्ये १५६३ ते १८३० या काळात राजांचे राज्याभिषेक झाले, ते उहोर्स्को. बान्स्का श्त्याव्हनित्साची १७६२ची खाणकाम अकादमी, तीही उहोर्स्को, म्हणजे आपल्या सगळ्यांची. मग शाळा बंद केल्या कुणी? तर माद्यारांनी! अभिमानाचं ते सामाईक आणि लाजेचं ते शेजाऱ्याचं, अशी वाटणी या दोन शब्दांनी बिनबोभाट करता येते. स्लोव्हाक लेखनपद्धतीत त्या काळातल्या सरदार घराण्यांची नावंही स्लोव्हाक वळणाने लिहितात, त्यावरून तिकडे बरीच वादावादी होते. आपल्याला त्यात मजा अशी की राकोत्सी, तुर्झो, एस्टरहाझी ही नावं देवनागरीत दोन्ही पक्षांची सारखीच उतरतात, आपोआप तह होतो.

उलट 'ती हंगेरीच होती, वेगळा शब्द कशाला' हेही पुरं खरं नाही. एकच शब्द वापरला की बेल, पेट्झवाल आणि चेर्नोवाचे शेतकरी यांना आपोआप माद्यार व्हावं लागतं, किंवा स्वतःच्याच देशात परके.

बडोद्यात बसून हे लिहिताना आपल्या घरचा शब्द आठवल्याशिवाय राहत नाही. अठराव्या शतकातले इंग्रज पेशव्यांना, शिंद्यांना, गायकवाडांना सरसकट 'मराठा' म्हणत. आज त्या शब्दाचा रोजचा अर्थ बराच अरुंद आहे. आणि बडोदा राज्यातली बहुसंख्य प्रजा तर गुजराती बोलणारी. 'मराठ्यांचं राज्य' म्हणताना आपण नेमकं कुणाचं म्हणतो, हा प्रश्न या मंडळात दोनदा चहा गार होईपर्यंत चालला आहे. साम्य याच्यापुढे ताणू नये. आपल्याकडे त्यावरून कुणाचं नागरिकत्व गेलं नाही.

तर मग मराठीत लिहायचं कसं? 'हंगेरी' हा एकच शब्द आपल्याला इंग्रजीतून मिळाला, त्यामुळे भाषांतर करताना आपण नकळत कोमार्नोवाल्याच्या बाजूने बोलतो. 'उहोर्स्को' असाच्या असा आणला तर वाचक अडखळतो आणि आपण दुसऱ्या बाजूचे होतो. मी सध्या असं करतो : १९१८च्या आधी 'हंगेरीचं राज्य', नंतर 'हंगेरी', भाषा आणि लोकसमूह म्हणायचा असेल तिथे 'मॅग्यार', उच्चार चुकीचा असला तरी, कारण तोच वाचकाच्या ओळखीचा. 'हंगेरियन राजा' न म्हणता 'हंगेरीचा राजा' म्हणावं. षष्ठीच्या एका प्रत्ययाने बरंच काम होतं.

संकेतस्थळावरचं ते वाक्यही बदललं आहे. आता ते असं आहे : "आजच्या स्लोव्हाकियाचा प्रदेश १९१८ पर्यंत, सुमारे हजार वर्षं, हंगेरीच्या बहुभाषिक राज्याचा भाग होता." मुलाला पाठवलं. दोन दिवसांनी त्याचा निरोप आला. स्लोव्हाक सहकाऱ्याला चाललं. कोमार्नोच्या मित्राने ते हंगेरियनमध्ये करून पाहिलं, आणि 'हंगेरीच्या राज्या'च्या जागी त्याला पुन्हा 'माद्यार'च लिहावं लागलं. तो म्हणाला म्हणे, की "तुमच्या काकांना सांग, माझ्या भाषेत याहून दुसरं काही लिहिताच येत नाही."